पेनाची जीभ

गल्लीत त्यांना सगळे पुकारेकाका म्हणत. खरं आडनाव विजेच्या बिलावर यायचं, तेवढंच. कोर्टात त्यांनी एकतीस वर्षं पुकारा केला. न्यायाधीशांच्या दालनाबाहेर उभं राहायचं आणि ज्यांचा खटला निघाला त्यांची नावं तीन वेळा मोठ्यांदा घ्यायची, एवढंच ते काम. पण काका ते असं करत की फाटकापलीकडे चहा पीत बसलेला माणूस कप तसाच टाकून धावत येई. वकील म्हणायचे, "याने हाक मारली तर मेलेला साक्षीदारसुद्धा उठून येईल." काकू म्हणायच्या, "आणि घरात जरा हळू बोला म्हटलं तर तिसऱ्या घरातलं झोपलेलं मूल उठतं, त्याचं काय?"

निवृत्तीनंतर नवव्या वर्षी काकांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी जीव राखला, पण त्यासाठी स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. गळ्याखाली एक भोक राहिलं, त्यात बोटाएवढी नळी आणि श्वास त्या नळीतून. काकूंनी देवापुढे हात जोडून सांगितलं, "जेवढं ठेवलंस तेवढ्यात भागवून घेऊ." आणि खरंच भागवलं.

भागवलं ते एका पेनाने.

निरोपाच्या वेळी वकिलांनी काकांना शाईचं पेन दिलं होतं. काळं कुळकुळीत, अंगठ्याएवढं जाड, ड्रॉपरने शाई भरायचं. काकूंना तेव्हा हसू आवरलं नव्हतं. ज्याने उभ्या जन्मात हजेरीपटावरच्या सहीपलीकडे काही लिहिलं नाही त्याला पेन! टकल्याला कंगवा दिल्यासारखंच ते. पेन कपाटात पडून राहिलं. पण आवाज गेला आणि त्याची पाळी आली.

काकांच्या बोटांचे सांधे आखडलेले. बॉलपेन दाबून चालवावं लागतं आणि दाबलं की बोटं ठणकत. हे जाडजूड पेन मात्र हातात नुसतं धरलं की कागदावर आपल्याच वजनाने चालायचं. काका लिहायला लागले. शुद्धलेखन देवाच्या भरवशावर, पण तोंडाने बोलायचे तसंच कागदावर. शेजारीण पहिल्यांदा भेटायला आली ती ओठ ताणून, हातवारे करून ओरडायला लागली, "का-का, ब-रं आ-हे का?" काकांनी शांतपणे वही पुढे केली. 'ओरडू नका. घसा गेलाय, कान नाही.'

सात महिन्यांत नऊ वह्या भरल्या. काकूंचं घरबसल्या काज-बटणाचं काम होतं. कारखान्यातून शर्टांचे गठ्ठे यायचे, त्यांना हाताने काजं पाडायची, शिवायची आणि बटणं लावायची. चाळीस वर्षं त्या हेच करत होत्या. दुपारी डोळे थकले की त्या जुनी वही उघडून बसत. वहीत फक्त काकांचीच बाजू. 'नको.' 'मी कधी म्हटलं असं?' 'तुझ्या भावाला मधे आणू नकोस.' 'बरं, माझं चुकलं.' 'पण तुझंही चुकलं.' मधल्या कोऱ्या जागेत काकूंना स्वतःचं बोलणं ऐकू यायचं. कधीकधी वाटायचं, आपण किती बोलतो बाई!

आता घोळ कसा झाला ते सांगते.

दवाखान्यातून घरी सोडताना नर्सने बजावलं होतं, गळ्याजवळ जे जे जाईल ते स्वच्छ पाहिजे. काकूंना एखादी गोष्ट सांगितली की ती त्यांच्या अंगात मुरते. त्यांनी एक स्टीलचं पातेलं वेगळं काढलं आणि रोज सकाळी त्यात नळीचे भाग, चिमटा, चमचा, सगळं उकळायला लागल्या. घड्याळ बघायचं नाही. देवाचं नाव एकशे आठ वेळा घ्यायचं, म्हणजे नळी झाली. अंडं त्रेसष्टात होतं.

एका सकाळी पेन अडायला लागलं. शाई आत वाळली होती. काका ते झटकत होते, आणि झटकताना पेनाचं टोपण ओठांत धरलेलं. काकूंनी ते पाहिलं. म्हणजे हे पेन रोज तोंडाजवळ, गळ्याजवळ जातं, आणि सात महिन्यांत आपण ते एकदाही उकळलं नाही! काका आंघोळीला गेले, तसं काकूंनी पेन उचललं आणि नळीबरोबर पातेल्यात सोडलं. एकशे आठ नावं पूर्ण घेतली. एकही कमी नाही.

बाहेर काढलं तेव्हा काळं पेन शेवाळलेल्या दगडासारखं हिरवट-तपकिरी झालं होतं. निब एकीकडे, तिच्याखालचा तो काळा तुकडा दुसरीकडे वळलेला. काकूंनी घाईघाईने पकड आणली आणि तो तुकडा सरळ करायला गेल्या. कट् आवाज झाला आणि अर्धा तुकडा तळहातावर पडला.

काका आंघोळ करून आले. टेबलावर पेन, शेजारी तुकडा. काकूंच्या तोंडून निघून गेलं, "पडलं वाटतं हो, टेबलावरून."

काकांनी पेन हातात घेतलं, फिरवून बघितलं, तुकडा टोपणात घातला, टोपण लावलं आणि सगळं ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं. वर बघितलंच नाही.

तिथून काका गप्प झाले.

तसे ते गप्पच होते म्हणा, पण हे निराळं. काकूंनी बॉलपेन दिलं. काकांनी दात आवळून त्याने एकच शब्द लिहिला, 'चहा', त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं, आणि पान फाडून खिशात घातलं. दुकानातून नवं शाईचं पेन आणलं, ते काडीसारखं बारीक, बोटांतून सुटायचं. पाटी-खडूचा विचार आला, पण खडूची धूळ नळीत गेली तर? लेकीने मोबाइलवर लिहायला शिकवलं होतं, पण काकांचं एक बोट एका वेळी तीन अक्षरं दाबायचं. त्यांनी 'पाणी दे' लिहिलं, ते 'राणी ये' झालं. काकू हसल्या. काका हसले नाहीत. फोन उलटा करून ठेवला.

मग मानेने हो, मानेने नाही, हाताने थोडं, हाताने पुरे.

काकूंना छळत होता तो एकच प्रश्न. संसाराला चव्वेचाळीस वर्षं झाली होती. भांडणं ढिगाने, पण काकांनी अबोला कधी अर्ध्या दिवसावर नेला नव्हता. दुपारी रुसलेला माणूस संध्याकाळी "चहा मिळेल का, की अपील करू?" म्हणत स्वयंपाकघरात यायचा. आता दहा दिवस झाले. हा नुसता मुकेपणा आहे की अबोला आहे, हे ओळखायचं कसं? तोंड बंद असलेल्या माणसाचा अबोला दिसतो तरी कुठून? त्यांना कळलं असेल का? आपण खोटं बोललो हे?

रविवारी लेकीचा फोन आला. एरवी काका लिहायचे आणि काकू वाचून दाखवायच्या.

"आई, बाबा काय म्हणतायत?"

"काही नाही."

"म्हणजे? काही तरी म्हणत असतीलच की."

"पेन मोडलंय गं."

"मग दुरुस्त करून घे ना! एवढ्यासाठी दोघं बसून राहिलात? आणि आई, तू अशी रडक्या आवाजात का बोलतेस?"

"सर्दी झालीय," काकू म्हणाल्या. हे दुसरं खोटं. फोन ठेवल्यावर त्यांना स्वतःचीच शरम वाटली. रोज देवाचं नाव घेणारी बाई मी, आणि तोंडाला हे वळण!

सोमवारी सकाळी त्यांनी ड्रॉवरमधून पेन काढलं, रुमालात गुंडाळलं आणि बाहेर पडल्या.

वह्या-पेनांच्या दुकानातल्या माणसाने पेन बघून नाक मुरडलं. "मावशी, रिपेअर आता कोण करतं? मोडलं की फेकायचं. थांबा, घड्याळाच्या दुकानाच्या जिन्याखाली एक पेनवाले बसायचे. आहेत की गेले, ते बघा जाऊन."

होते. जिन्याखाली एक फळी, फळीवर दिवा, दिव्याखाली शेकडो निबांचा डबा आणि डब्यामागे ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढून झालेला, दुसरा डोळा अजून दुधासारखा. त्यांनी पेन हातात घेतलं, अंगठा फिरवला, नाकाशी नेलं आणि म्हणाले,

"ताई, हे कुणी उकळलं?"

बारा दिवस पोटात ठेवलेली गोष्ट या माणसाने वासावरून ओळखली.

"मी," त्या म्हणाल्या. आणि मग एकदा बांध फुटल्यावर काय राहतं? नळी, नर्स, एकशे आठ नावं, पकड, आणि 'पडलं वाटतं'सुद्धा, सगळं त्या परक्या माणसाला सांगून मोकळ्या झाल्या.

पेनवाल्यांनी सगळं ऐकून घेतलं. "रंग गेला तो गेला. हे कडक रबराचं पेन, उकळलं की हिरवं पडतं. पण अंग शाबूत आहे. निबही सरळ होईल. गेलीय ती जीभ."

"काय गेली?"

"जीभ. निबेखाली हा तुकडा असतो ना, त्याला आम्ही जीभ म्हणतो. शाई आणून देते ती ही. निब नुसती ऐटीत पुढे असते."

काकू खाली बसल्या. शेजारच्या स्टुलावर, न विचारता. "दादा," त्या म्हणाल्या, "त्यांची एक गेली ती डॉक्टरांनी नेली. दुसरी मी मोडली."

"डॉक्टर करू शकत नाहीत ते मी करतो," पेनवाले म्हणाले. "दुसरी बसवतो. घाबरू नका."

पण ते सोपं नव्हतं. डब्यातली एकही जीभ या पेनाला होईना. एक बारीक, एक आखूड. शेवटी त्यांनी तळाच्या खणातून काळ्या रबराचे दोन अर्धवट घडवलेले तुकडे काढले. "दोनच उरलेत. आकार मी देतो, तो बोटांना कळतो. अडतं ते पुढे." त्यांनी मोडका तुकडा दिव्याखाली धरला. "ही वरची खाच बघा. तिच्या तळाला केसासारख्या दोन चिरा दिसतात? हवा खाचेतून वर जाते, शाई चिरांतून खाली येते. चीर रुंद झाली तर पेन गळणार, उथळ राहिली तर अडणार. ती चीर माझ्या डोळ्यांना आता दिसत नाही. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन होईस्तोवर थांबाल? दोन महिने?"

दोन महिने अशी मान हलवणारा माणूस काकूंच्या डोळ्यांपुढे आला.

पेनवाल्यांची नजर त्यांच्या बोटांवर गेली असावी, नाही तर हाताला लागलेलं कळलं असेल, कारण पेन परत देताना ते थबकले. "हे घट्टे कसले, ताई?"

"काज-बटणाचं काम करते."

"मशीनवर?"

"हाताने. भारी शर्टांना हातकाज लागतं. धाग्याच्या रेषेत चीर द्यायची. एक धागा जास्त गेला की शर्ट वाया."

"मग मला कशाला विचारत बसलात?" पेनवाले एकदम खुशीत आले. "बसा पुढे. चिरा तुम्ही पाडा."

"मी? अहो, मी हे मोडलंय!"

"पकडीने मोडलंत. हे पकडीचं काम नव्हेच."

त्यांनी कानशीने तुकडा घासून गोल केला, मधेमधे पेनात घालून बघत, डोळे मिटून. खाच पाडली. मग कागदासारखं पातळ करवतीचं पान काकूंच्या हातात दिलं. काकूंनी चष्मा पुसला, मनात देवाचं नाव घेतलं आणि सुरुवात केली. पहिल्या चिरेला हात बसला. दुसरीला त्यांनी श्वास घेतला तेवढ्यात पान तिरकं गेलं आणि दोन्ही चिरा एकमेकींना भेटल्या.

"वाया," काकू म्हणाल्या.

"एक गेला. एक आहे." पेनवाल्यांनी दुसरा तुकडा घासायला घेतला. जणू काही झालंच नाही. "काज पाडताना श्वास घेता?"

काकूंनी आठवून पाहिलं. "नाही. चीर संपली की मग."

"मग इथेही तसंच करा."

दुसऱ्या तुकड्याला काकूंनी श्वास रोखला. कापड समजून, धागा समजून, त्या न दिसणाऱ्या रेषेत पान ओढत गेल्या. एक. मग खोल श्वास. दोन. पेनवाल्यांनी नखाने चाचपलं, कानाशी धरून नख ओढलं, त्याचा आवाज ऐकला आणि मान डोलावली.

मग ते समोरच्या चहावाल्याला ओरडले, "एक ग्लास उकळतं पाणी दे रे!"

काकूंचा चेहरा पडला.

"पाणी तेच, ताई," ते हसून म्हणाले. "धरायचं किती वेळ, एवढाच फरक. जीभ जरा मऊ झाली पाहिजे, म्हणजे निबेला घट्ट बसते. निब म्हणजे टाळू समजा. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं माणसांत चालतं, पेनात नाही. माणसाच्या जिभेला हाड नसतं, पेनाच्या जिभेला मात्र असावं लागतं. तुमची नावं घ्या. एकशे आठ नकोत! वीस पुरेत."

काकूंनी वीस घेतली. पेनवाल्यांनी तुकडा काढला, निबेखाली दाबून धरला, पेनात सरकवला, शाई भरली आणि कागद पुढे केला. "लिहा."

"मी काय लिहू?"

"काहीही. नाव लिहा."

काकूंनी देवाचं नाव लिहिलं. शाई न अडखळता उतरली. अक्षर ओलं चकाकत राहिलं, आणि काकू त्याकडे ते वाळेपर्यंत बघत बसल्या.

घरी आल्या तेव्हा काका खिडकीपाशी बसले होते. काकूंनी पेन आणि वही त्यांच्यासमोर ठेवली. चप्पल काढायच्या आधी, पाणी प्यायच्या आधी त्या म्हणाल्या,

"अहो, ते पडलं नव्हतं. मी उकळलं. आणि वर पकडीने मोडलं. आणि खोटं बोलले."

काकांनी पेन उचललं. हिरवट रंगावरून बोट फिरवलं. टोपण काढलं, ओठांत धरायला गेले, काकूंकडे बघितलं आणि टेबलावर ठेवलं. मग लिहिलं.

'माहीत आहे.'

"माहीत आहे? कधीपासून?"

'त्याच दिवसापासून. मोरी दोन दिवस निळी होती.'

बारा दिवस जीव टांगणीला, आणि पुरावा मोरीत! "मग रागावला होतात तर! म्हणून अबोला धरलात!"

'कशाने धरू आणि कशाने सोडू?' काकांनी लिहिलं. मग थांबून, 'पहिले दोन दिवस होता राग. मग गेला. तूच तोंड पाडून फिरत होतीस. मला वाटलं तू रागावलीस.'

"मी? मी कशाला रागावू?"

'मला काय माहीत. बायका कशालाही रागावतात.'

"बरं! मग बॉलपेनने का नाही लिहिलंत? वेडंवाकडं का होईना, मी वाचलं असतं की!"

काकांनी खिशातून घडी केलेला तो फाडलेला कागद काढला आणि समोर पसरला. 'चहा'. अक्षरं कशी, तर अर्धमेल्या मुंगीने पाय ओढत नेल्यासारखी. त्याखाली त्यांनी आता पुन्हा लिहिलं, 'चहा', हिरवट पेनाने, मोठं, गोल, ठसठशीत. शेजारी लिहिलं, 'ते अक्षर माझं वाटेना. आवाज गेला तेव्हा वाटलं, चला, हात तरी आहे. ते बघून वाटलं, हातही गेला. तुला दाखवायचं नव्हतं.'

काकूंनी ते दोनदा वाचलं. मग पदराने नाक पुसत म्हणाल्या, "हात कुठे जातोय? माझ्याकडे बघा, सदुसष्टाव्या वर्षी नवीन धंदा शिकून आले." आणि त्यांनी जिन्याखालची सगळी हकिकत सांगितली. पहिला तुकडा वाया गेला तेही, दुसऱ्याला श्वास रोखला तेही. काका ऐकत होते. निब कागदावर टेकलेलीच राहिली, तिच्याखाली निळा ठिपका वाढत वाढत बटणाएवढा झाला.

"अहो, शाई! उचला ते!"

काकांनी पेन उचललं, ठिपक्याकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं. खांदे हलायला लागले. आवाज नव्हता, पण गळ्यातल्या नळीतून हवेची सूं-सूं निघाली, म्हणजे हसणं जोरात होतं. त्यांनी लिहिलं,

'जीभ तुझ्या हातची ना? तरीच. सुरू झाली की थांबत नाही.'

"थांबा, उद्या नेऊन दाखवते त्यांना. जरा घट्ट करून देतील."

'नको. राहू दे अशीच. मी आवरीन.' आणि पान उलटून काका नेटाने पुढचं लिहायला लागले. बारा दिवसांचं साठलेलं होतं. पंखा आवाज करतो. शेजारीण अजून ओरडते. भाजीत मीठ गेल्या गुरुवारी जास्त पडलं होतं, मानेने सांगता येईना म्हणून खाल्लं.

"गुरुवारी नव्हे, शुक्रवारी," काकू म्हणाल्या, आणि शर्टांचा गठ्ठा बाजूला सरकवून चष्मा लावून बसल्या. दुपारपर्यंत पाच पानं झाली. त्यातली दोन भांडणाची होती.